माळ्यावरचा व्हिडिओ गेम मुलीला दाखवायचाय? आधी टीव्हीकडे बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माळा आवरताना तुमचा शाळेतला व्हिडिओ गेम सापडला, सोबत '९९९९ इन १' कॅसेट आणि बंदूक. हौसेनं तो हॉलमधल्या एलईडी टीव्हीला जोडलात. बदकांना एक गोळी लागेना, मारिओ बटण दाबल्यावर उशिरा उडी मारतोय असं वाटलं आणि नऊ वर्षांची मुलगी पाच मिनिटांत उठून गेली. मग मोबाईलवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं ॲप) टाकून बघितलात, तर तिथे मारिओ आठवणीपेक्षा जोरात पळतोय आणि गाणंही घाईत वाजतंय. शेवटी विचारलंय की हे गेम खरंच चांगले होते की ते नुसतं आपलं लहानपण होतं, आणि चांगले असतील तर तिला कुठले दाखवू.

मी गेली वीस वर्षं नाशिकला टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. असे जुने गेम अजूनही महिन्याला एक-दोन येतात. आणणारा बहुतेक वेळा चाळिशीतला बाप किंवा आई असते आणि तक्रार तुमच्यासारखीच असते. तुम्ही यादी मागितलीत, ती देतोच. पण तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत. ती निस्तरली नाहीत तर कुठलाही गेम लावलात तरी मुलगी पुन्हा उठून जाईल.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील हे आधीच सांगतो. खोकं आतून कुठल्या जातीचं आहे, कॅसेट किती शाबूत आहे, कोणाकडे पिक्चर ट्यूबचा जुना डबा टीव्ही मिळतो का, आणि मुलीला एकटीनं खेळायला आवडतं की कुणाबरोबर. हे मला इथून दिसत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी कसं तपासायचं ते लिहितो.

पहिली गोष्ट वेगाची, कारण यात बहुतेकांना आपलीच आठवण खोटी वाटते. ती खोटी नाही. आपल्याकडे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी जी खोकी आली, ती सगळी एकाच जपानी यंत्राची भावंडं. निन्टेंडोनं जुलै १९८३ मध्ये जपानात काढलेला फॅमिकॉम हे ते यंत्र. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, आपला ५० वेळा. आणि हे गेम घड्याळावर चालतच नाहीत, चित्रावर चालतात. एक चित्र काढलं की मारिओ एवढा पुढे, गाणं एवढं पुढे, असा हिशोब. त्यामुळे जपानी मुलाला दहा सेकंद लागायचे तिथे आपल्याला बारा लागायचे.

बऱ्याच खोक्यांत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा असायच्या. रशियात १९९२च्या अखेरीस आलेला 'डेंडी' त्याच जातीचा, म्हणून तिथल्या चाळिशीतल्या माणसांची आठवणही आपल्यासारखीच संथ आहे. या चिपांमध्ये सूर जवळपास मूळचाच राहतो, फक्त लय सावकाश होते. तुमच्या कानात मारिओचं गाणं निवांत बसलंय ते यामुळे. मोबाईलवरचा इम्युलेटर सांगितल्याशिवाय ६०नं चालतो. सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची जागा असेल तर बघा, काहींत 'डेंडी' असा पर्यायच असतो. तो निवडलात की तुमचा मारिओ परत येईल.

तुमचं खोकं खरंच त्या जातीचं आहे का, हे तपासायची माझी एक पद्धत आहे. मारिओची पहिली स्टेज लावा आणि गेमच्या रिमोटला हात लावू नका. सुरुवातीला तिथे कुणी अंगावर येत नाही. वर कोपऱ्यात ४०० पासून आकडा उतरत जातो. तो आकडा दर २४ चित्रांनी एकानं कमी होतो. मनगटी घड्याळ धरून ४०० पासून ३०० पर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. साधारण ४० सेकंद लागले तर ६०चं यंत्र, ४८ लागले तर ५०चं. गिऱ्हाईक समोर असलं की मी हे करून दाखवतो. लोक आधी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग म्हणतात, "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

दुसरी गोष्ट, उशिरा लागणारी उडी. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत यंत्रातून निघालेलं चित्र थेट पडद्यावर उमटायचं, मध्ये थांबायला जागाच नव्हती. आजचा टीव्ही ते चित्र आधी साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. बातम्या बघताना हा उशीर कळत नाही. पण मारिओची उडी बटण किती वेळ दाबून धरलंय त्यावर ठरते. तीन-चार चित्रांचा उशीर झाला की अंदाज चुकतो आणि माणूस खड्ड्यात. मुलीला वाटतं गेम वाईट आहे, तुम्हाला वाटतं आपला हात गेला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू करा, चित्र सुधारायचे बाकी पर्याय बंद करा. एचडीएमआयचं स्वस्त कन्व्हर्टर मध्ये लावलं असेल तर ते काढा आणि टीव्हीला पिवळी-पांढरी एव्ही पिन असेल तर थेट तिथे जोडा. पूर्ण जाणार नाही, पण खेळण्याजोगं होईल.

तिसरी बंदूक. ही मात्र एलईडीवर चालणारच नाही, त्यासाठी वेळ घालवू नका. आपण समजायचो की बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीला लागतं. होतं उलटं. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. कुठल्या चित्राच्या वेळी पांढरं दिसलं यावरून कुठलं बदक ते कळतं. आधीचं काळं चित्र कशासाठी, तर कुणी बंदूक बल्बकडे धरून फसवू नये म्हणून.

आता एलईडी टीव्ही ते पांढरं चित्र उशिरा दाखवतो, तोवर गेमनं निकाल दिलेला असतो. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या लुकलुकण्याशी जुळवलेलं होतं. आपल्या जुन्या टीव्हीत सेकंदाला १५,६२५ ओळी रंगवल्या जायच्या आणि सपाट पडद्यात तसं काही घडतच नाही. म्हणजे तुमची बंदूक कदाचित ठणठणीत असेल. गावाकडे, गॅरेजमध्ये, मामांकडे एखादा चौदा इंची डबा टीव्ही पडलाय का बघा. मिळाला तर सोन्यासारखा सांभाळा, मात्र मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

थोडक्यात, वेगाला सेटिंग आहे, उशिराला गेम मोड आहे आणि बंदुकीला डबा टीव्हीशिवाय इलाज नाही. आता गेमांकडे येतो.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या आवडीचे गेम आपण निवडलेच नव्हते, ते कॅसेटच्या पोटात मावले म्हणून आपल्याकडे आले. अमेरिकेतल्या आपल्याच वयाच्या माणसाला विचारा, तो वेगळी नावं सांगेल. टँकचा गेम, ज्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', नामको कंपनीनं १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी काढला आणि त्या काळी तो तिकडे अधिकृतपणे विकलाच गेला नाही. आपल्याकडे तो घराघरात. कारण साधं आहे. तो गेम २४ किलोबाइटचा, मारिओ ४० किलोबाइटचा. १९८३ ते ८५ मधले बरेच गेम याच मापाचे, म्हणून एका कॅसेटमध्ये डझनावारी कोंबता येत. काँट्रा या गोळीबाराच्या गेमला १२८ किलोबाइट तरी लागतात. म्हणून गल्लीत एखाद्याकडेच काँट्राची वेगळी कॅसेट असायची आणि त्याच्या घरी सगळे चपला काढून रांगेत बसायचे. ९९९९ मधले खरे गेम मोजकेच होते, बाकी तेच पुन्हा, कुठे दुसऱ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाईफ देऊन.

पण छोट्या मापाचा एक फायदा झाला, आणि तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं. एवढ्याशा जागेत गोष्ट सांगायला, शिकवणी द्यायला वावच नव्हता. यंत्राची चालू मेमरी फक्त २ किलोबाइट. मारिओतले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. इतकी काटकसर करून जे उरलं ते निव्वळ खेळणं होतं. म्हणून हे गेम खरंच चांगले होते, असं मी छातीठोक सांगतो. सगळे नाहीत, पण जे चांगले ते आजही चांगले आहेत.

तुमच्या मुलीसाठी सुरुवात मारिओनं करू नका. मारिओ एकट्याचा गेम आहे. दोघांत खेळलात तरी एक खेळतो, दुसरा त्याचं लाईफ जायची वाट बघतो. आणि तुम्हाला तो पाठ असल्यामुळे तुम्ही दहा मिनिटं खेळत राहणार आणि ती बघत बसणार. ती पाच मिनिटांत उठली त्यात मला तरी नवल वाटत नाही.

सुरुवात टँकनं करा. दोघं एकाच वेळी, एकाच बाजूनं. खाली मध्यभागी गरुड, त्याच्याभोवती विटा, वरून एकेक करत वीस टँक येणार. एकानं गरुड राखायचा, दुसऱ्यानं पुढे जायचं, हे कुणी सांगावं लागत नाही, दुसऱ्या डावात आपोआप ठरतं. तिला तीनच गोष्टी सांगा. चौथा, अकरावा आणि अठरावा टँक लुकलुकत येतो, त्याला मारलं की बक्षीस मिळतं. फावडं मिळालं की गरुडाभोवतीच्या विटा थोडा वेळ पोलादी होतात. आणि सुरुवातीला आपली एक गोळी कुठेतरी आदळेपर्यंत दुसरी सुटत नाही, म्हणून शत्रूच्या जवळ जाऊन मारलं तर गोळ्या भरभर सुटतात. तारे मिळवले की आधी गोळीचा वेग वाढतो, मग एकावेळी दोन सुटतात आणि तिसऱ्या ताऱ्याला पोलादही फुटतं.

गेल्या दिवाळीत एक गृहस्थ रिमोटचे रबर बदलून घ्यायला मुलीला घेऊन दुकानात आले होते. माझ्याकडे चाचणीसाठी चौदा इंची टीव्ही असतो, त्यावर टँक लावून दिला. मुलीची गोळी चुकून वडिलांच्या टँकला लागली आणि तो लुकलुकत जागेवरच खिळला. वडील रिमोट दाबतायत आणि टँक हलत नाही. तिनं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुढची गोळी मुद्दाम मारली. मग तेही तिच्या मागे लागले. तेवढ्यात गरुड फुटला. "पुन्हा!" हे तिनं वडिलांच्या आधी म्हटलं. रबर बदलून अर्धा तास झाला होता, तरी दोघं खुर्चीवरून उठले नाहीत. तुम्हाला जे परत हवंय ते बहुधा हेच आहे, आणि त्याला शेजारी दुसरं माणूस लागतं.

टँकनंतर 'आइस क्लाइंबर', तोही दोघांचा. एक फार वर चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा राहिलेला मरतो, त्यामुळे भांडण नक्की होईल. मग 'रोड फायटर'. तो एका मिनिटात शिकता येतो. पेट्रोल संपत असतं आणि रंगीत गाडी हुकली की जीव वरखाली होतो. सर्कसवाल्या गेममध्ये सिंहावर बसून आगीच्या रिंगणातून उड्या मारायच्या असतात. लहान मुलांना तो फार आवडतो, फक्त टीव्हीचा उशीर आधी घालवा, नाहीतर प्रत्येक रिंगण अंगावर येईल. डबा टीव्ही मिळाला तर बदकं. एकेका बदकाच्या प्रकारात दुसऱ्याच्या रिमोटनं बदक वळवता येतं. हे तिला सांगा आणि बंदूक तुम्ही घ्या. तुमच्या खोक्यात बंदुकीची आणि रिमोटची जागा कशी दिलीय त्यावर हे चालेल की नाही ते ठरेल.

काँट्रा शेवटी ठेवा. तो दोघांचा असला आणि माझा स्वतःचा सगळ्यात लाडका असला तरी नवख्याला निर्दय आहे. एक गोळी लागली की गेलं लाईफ. पहिल्या पडद्यावर, नाव येताना, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट, हे तिच्या हातून करून घ्या. तीस लाईफ मिळतात. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट. ही युक्ती काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस' या गेमसाठी केली होती. गेम तपासताना तो त्यांना स्वतःलाच अवघड जायचा म्हणून. काँट्रात गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकतात, तो बिघाड समजू नका. यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता येतात, नववं आलं की ते आळीपाळीनं दिसतं.

मारिओ त्यानंतर, तिनं स्वतः मागितल्यावर. दुसऱ्या स्टेजमध्ये (१-२) छतावरून चालत शेवटपर्यंत गेलं की थेट पुढे नेणारे पाइप मिळतात, हे तिला सांगू नका. ते तिचं तिनं शोधायचं आहे.

यंत्राबद्दल दोन शब्द. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरेतल्या ओलाव्यानं पिना गंजतात. गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. कॅसेटच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं, आणि पूर्ण सुकल्यावरच लावा. कॅसेटच्या आत काळा डांबरासारखा ठिपका दिसला तर त्याखाली चिप असते. तीच गेली असेल तर दुरुस्ती नाही, पैसे मागणाऱ्याला देऊ नका. ॲडॅप्टर मात्र नीट बघा. एवढी वर्षं पडून राहिलेला ॲडॅप्टर मी तपासल्याशिवाय लावत नाही. नवा घेताना व्होल्ट तर जुळवाच, पण पिनेच्या आत प्लस की मायनस ही खोक्यावरची खूणही जुळवा. या यंत्रांत बऱ्याचदा आत मायनस असतं आणि आजच्या बहुतेक ॲडॅप्टरांत आत प्लस. उलटा लावून जळालेली खोकी माझ्याकडे बरीच आली आहेत.

आणि शेवटचं. टँकच्या पहिल्या पडद्यावर तिसरा पर्याय 'कन्स्ट्रक्शन' आहे, तो तिला एकदा उघडून द्या. त्यात आपलं मैदान आपणच बांधायचं. आमच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत खोकं भाड्यानं यायचं आणि दिवसाचा बराच वेळ यातच जायचा. दादानं एकदा गरुडाभोवती सगळं पाणी भरलं. टँक पाण्यातून येऊ शकत नाही, म्हणजे आता कायमचा जिंकलो, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच टँकनं पलीकडच्या काठावर उभं राहून गोळी मारली, ती पाण्यावरून सरळ आली, वीट फुटली, पुढच्या गोळ्यांनी गरुड गेला. पाण्यावरून टँक जात नाही पण गोळी जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

खोकं बंद केलं की हे मैदान पुसलं जातं. त्यामुळे चौकटीच्या वहीत आडवे १३ आणि उभे १३ चौकोन आखून ठेवा, मैदान तेवढंच असतं. वरच्या ओळीतला डावा, मधला आणि उजवा चौकोन मोकळा सोडा, शत्रू तिथूनच उतरतात. बाकी तिला हवं ते भरू दे. दुपारी तिनं कागदावर काढायचं आणि संध्याकाळी दोघांनी ते टीव्हीवर बांधून खेळायचं.